केंप म्हणजे लाल

गेल्या हंगामात आमच्या शेतात ऊस तोडायला आलेल्या एका बाईच्या क्षयरोगाची ही हकिकत आहे. तिचे, तिच्या नवऱ्याचे आणि गावाचे नाव मी लिहीत नाही, कारण हा आजार झाल्याचे कळले की पुढच्या वर्षी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देताना मुकादम हात आखडता घेतो, हे मला याच प्रकरणात कळले. मी डॉक्टर नाही आणि आरोग्य खात्यातही नाही. कर्नाटकातल्या चिक्कोडी तालुक्यात, दूधगंगेपासून दोन कोसांवर, चार एकर ऊस असलेला शेतकरी आहे. बारावीपर्यंत मराठीतून शिकलो आणि कन्नड बाजारात व कचेऱ्यांत उठबस करता करता शिकलो. पुढे जे घडले त्यात शाळेपेक्षा या दुसऱ्या शिक्षणाचा उपयोग जास्त झाला.

२०२४ ची दिवाळी होऊन महिना उलटला तरी माझ्या आडसाली उसाला तोड आली नव्हती. को ८६०३२ या जातीच्या त्या उसाला तुरे फुटू लागले होते आणि रोज वजन घटत असल्याच्या विचाराने झोप लागत नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अखेर बीड जिल्ह्यातील बारा कोयत्यांची टोळी आली आणि विहिरीजवळच्या पडीक तुकड्यावर त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल त्या जोडीला मिळते, त्यामुळे दोघांपैकी एक अंथरुणाला खिळले की उरतो तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याने घेतलेली उचल फिटत नाही. खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात ते वेगळेच.

त्या बाईकडे माझे लक्ष प्रथम गेले ते दयेपोटी नव्हे. बाकीच्या बायका मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून सरळ ट्रॉलीवर चढत होत्या आणि ही दर दुसऱ्या खेपेला ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभी राहत होती. माझा ऊस वाळत होता, म्हणून मी पाहत होतो. मग तिचा खोकला ऐकू आला. मी विचारले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "पाचटाची धूळ हाय मालक. दरसाल असतंय." तिच्या नवऱ्याने मात्र सांगितले की खोकला दसऱ्याच्या आधीपासूनचा आहे, आणि इकडे येताच तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात दोनदा नेऊन सुई, सलाईन आणि खोकल्याची बाटली घेऊन झाली आहे. बेडक्याची तपासणी त्या दवाखान्यात कोणी सुचवली नव्हती. क्षयरोगी आढळल्यास सरकारला कळवणे खाजगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे, पण ज्याने तपासलेच नाही त्याला कळवण्यासारखे काही सापडत नाही.

माझी चुलत भावजय गावात आशा कार्यकर्ती आहे. तिने कोपीसमोर बसून तीनच प्रश्न विचारले. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त आहे का, संध्याकाळी ताप येतो का, पोलके सैल झाले आहे का. तिन्हींचे उत्तर होय आले. भावजयीने दोन डब्या दिल्या आणि बजावले की थुंकी नको, छातीतून निघालेला बेडका हवा, आणि एक नमुना पहाटेचा हवा. टोळी पहाटे चारला उठते, त्यामुळे पहाटेच्या नमुन्याची अडचण नव्हती. मोबाईलच्या उजेडात ती कोपीमागे, उसाकडे तोंड करून, बराच वेळ खोकत उभी राहिली. बेडका उघड्यावर, माणसांपासून दूर काढायचा असतो, हे मला तेव्हा कळले. सकाळी त्या दोन्ही डब्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मोटारसायकलच्या डिकीत कारखान्याच्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवून मी तालुक्याला निघालो आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मनातल्या मनात झाकण तपासत राहिलो.

तिथे ट्रूनॅट नावाचे यंत्र आहे. आमचा घाट उतरल्यावर जे गोवे लागते तिथल्याच एका कंपनीने ते बनवले असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली आहे. बेडक्यात क्षयाचे जंतू आहेत का हे ते आधी सांगते आणि असतील तर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का हे पुढच्या टप्प्यात सांगते. मोठ्या शहरात जावे लागत नाही आणि वातानुकूलित खोलीही लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भावजयीचा फोन आला की जंतू आहेत, पण औषध चालेल. दोन्ही बातम्या एका दमात ऐकल्यामुळे नेमके काय वाटून घ्यावे ते मला सुचले नाही.

इथपर्यंतचे सारे काम तीन दिवसांत आणि एक रुपयाही न देता झाले, हे मुद्दाम नोंदवतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या भारतात आहेत, आणि २०२५ पर्यंत हा रोग हटवायचा असे केंद्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केले होते. यंत्र, गोळ्या, संगणकावरची नोंद हे सारे त्या मोहिमेतून खेड्याच्या दारापर्यंत आलेले आहे आणि ते खरोखर चालते. अडचण आली ती पुढे, पत्त्याच्या रकान्यापाशी.

नोंदणीसाठी मी नवरा-बायकोला घेऊन गेलो. टेबलामागच्या कर्मचाऱ्याने आधारकार्ड उलटसुलट पाहिले आणि तिला विचारले, "ऊर यावुदु?" म्हणजे गाव कोणते. तिला प्रश्न समजला नाही. मी सांगितले की गाव बीड जिल्ह्यातले, सध्या मुक्काम माझ्या शेतात. त्यावर तो समजावणीच्या सुरात म्हणाला की ही माणसे पंधरा दिवसांत दुसऱ्या गावी जातात, मग फोन लागत नाही आणि आमच्या यादीत उपचार सोडलेला रुग्ण म्हणून एक नाव वाढते. त्यापेक्षा यांनी आपल्या जिल्ह्यात जाऊन गोळ्या सुरू कराव्यात, तिकडे भाषाही कळेल. तो माणूस वाईट नव्हता. हरवलेल्या रुग्णाचा जाब त्यालाच विचारला जातो, तिच्या हरवण्याला मात्र तो काहीच करू शकत नाही. पण तिच्या नवऱ्याच्या अंगावर उचल होती आणि ती फिटल्याशिवाय मुकादम त्यांना गाव दाखवणार नव्हता. म्हणजे त्या सल्ल्याचा अर्थ मार्चपर्यंत औषधाविना खोकत राहणे, असाच होत होता.

मी शक्य तितक्या सौम्य कन्नडमध्ये म्हणालो की निक्षयच्या, म्हणजे क्षयरोग्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीच्या, संगणकात कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन्ही लिहिता येतात, मग सध्याचा पत्ता माझा लिहा आणि फोनही माझा लिहा. हे मला भावजयीने आदल्या रात्री पढवून पाठवले होते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मलाच विचारले, "तुमचे गाव तरी नक्की कोणत्या राज्यात?" आणि हसला. मीही हसलो. हा विनोद आमच्याकडे जुना आहे. आमच्यासाठी दोन राज्ये २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात उभी आहेत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली होती. आम्हा सीमाभागातल्या माणसांवर दोन सरकारे हक्क सांगतात आणि ते सरकारी कागदांवरही उमटते. त्या बाईसाठी त्या दिवशी पत्त्याचा एक रकाना मिळवायला अर्धा तास लागला. शेवटी त्याने माझा पत्ता लिहिला आणि तिला निक्षय क्रमांक मिळाला. तारीख होती १८ डिसेंबर.

काट्यावर तिचे वजन भरले ३६ किलो. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला रोज तीन गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या असतात. एका गोळीत चार औषधे असतात. दोन महिन्यांनंतर त्यांतले एक कमी होते आणि उरलेली तीन आणखी चार महिने चालतात. मधुमेह आणि एचआयव्हीची तपासणी तिथेच झाली, दोन्ही नव्हते. परिचारिकेने गोळ्यांचे पाकीट देताना कन्नडमध्ये भराभर सूचना दिल्या आणि मी दारात फोनवर कारखान्याच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या चिटबॉयशी ट्रॉलीच्या नंबरावरून वाद घालत होतो. ही चूक माझी.

तीन दिवसांनी तिचा नवरा सकाळी माझ्या दारात आला आणि बायकोने गोळ्या बंद केल्याचे सांगू लागला. खोदून विचारले तरी कारण सांगेना, नजर खाली. अखेर माझ्या बायकोने कोपीवर जाऊन विचारले तेव्हा कळले की तिला लघवीतून रक्त जाते आहे. ती दोन दिवस पाणीसुद्धा पीत नव्हती, म्हणजे लघवी कमी होईल. रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते, त्यात काही वावगे नसते, हे परिचारिकेने सांगितले नव्हते काय? मी फोन केला. तिने सांगितले होते. "केंप आगतैती, अंजबेड्री," लाल होईल, घाबरू नका, हेच तिचे शब्द. मी बाईला विचारले, "ताईंनी केंप म्हणून काही सांगितले होते का?" ती म्हणाली, "व्हय की. कॅम्प हाय म्हनल्या. कवा हाय, कुठं हाय ते काय सांगितलं न्हाई."

केंप म्हणजे लाल. आमच्या घरातल्या पोरांनाही कळणारा शब्द. तो तिने कॅम्प असा ऐकला होता आणि दोन दिवस ती आरोग्य शिबिराची वाट पाहत होती. माझी बायको हसू आवरत तिच्याजवळ बसली आणि तिने स्वतःच्या कुंकवाच्या डबीवर बोट ठेवून सांगितले, "हे केंप. गोळी पोटात गेल्याची खूण आहे. ज्या दिवशी लाल होणार नाही त्या दिवशी गोळी चुकली समजायचे." त्या खुणेचा पुढे फार उपयोग झाला, कारण तिची नऊ वर्षांची मुलगी रोज सकाळी आईला तेवढेच विचारू लागली. सूचनांचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. मी त्याच्या पाठीवर मराठीत सहा ओळी लिहिल्या, गोळ्या कधी घ्यायच्या, काय झाले तर थांबवून फोन करायचा (डोळे पिवळे होणे, सतत उलट्या), आणि खाली माझा नंबर.

मुलांचे काम त्याच आठवड्यात करून घेतले. क्षयरोग्याच्या घरात राहणाऱ्या सर्वांची चौकशी होते आणि पाच वर्षांखालील मुलाला आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून औषध द्यावे लागते. तिचा धाकटा तीन वर्षांचा होता. त्याला सहा महिने आयसोनियाझिड सुरू झाले, वजनाप्रमाणे. नवरा, मुलगी आणि सोबत आलेली सासू यांना लक्षणे नव्हती. सासूचा एक्स-रे काढायला दोन फेऱ्या झाल्या, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

कोपीबद्दल मात्र लिहायला हवे. बांबूच्या कमच्या, वर प्लास्टिक आणि पाचट, वाकून शिरायला एकच तोंड. थंडीत तेही गोणपाटाने बंद. आत पाच माणसे खेटून झोपतात. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात आणि त्यांना हवे असते ते नेमके असेच घर, जिथे वारा नाही. गोळ्या नीट चालू असतील तर सुमारे दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका पुष्कळच कमी होतो, पण ते दोन आठवडे तिने कुठे काढायचे? मी मोटारीच्या शेडमध्ये, जिथे भिंतीला वरती जाळी आहे, तिच्या झोपण्याची सोय करतो म्हणालो तेव्हा घरात आमच्या आईने अन्न सोडल्यासारखा चेहरा केला. आईच्या थोरल्या बहिणीला फार पूर्वी मिरजेला क्षयासाठी ठेवले होते आणि ती परत आली नाही. आईची समजूत काढायला मला शब्द सापडले नाहीत. भावजय आली, म्हणाली, "आत्ती, आता तसं नाही राहिलं," आणि आईने तिचे ऐकले. सुनेचे न ऐकता भावजयीचे ऐकणे, हा आमच्या घरचा वेगळा विषय आहे.

मुकादमाला सांगायचे की नाही, यावर नवरा-बायकोत दोन रात्री वाद झाला. सांगितले नाही तर ती शेडमध्ये का झोपते याचे उत्तर देता येत नव्हते. मुकादमाने ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "कोयता मोडणार का?" मी म्हणालो की पंधरा दिवस तिला फक्त वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायला ठेवा, मोळी उचलायला लावू नका, आणि माझ्या फडातली तिची खुशाली मी वाढवून देतो. खुशाली म्हणजे शेतकऱ्याने टोळीला वरून द्यायचे पैसे, आणि एरवी याच रकमेवरून मी टोळ्यांशी भांडत आलो आहे. तो तयार झाला, पण खाड्याचा हिशेब ठेवणारच असे बजावून. शेजारच्या दोन कोप्या त्या रात्री दहा पावले लांब सरकल्या.

खाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. या गोळ्या भरल्या पोटाच्या माणसाला सोसतात. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या कुटुंबांना सहा महिने जादा धान्य देऊन पाहिले तेव्हा घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तिच्या ताटात मात्र भाकरी, मिरचीचा ठेचा आणि उसाच्या रसाचा चहा होता. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत बीडच्या कार्डावर आमच्या गावातल्या दुकानात धान्य मिळायला हवे, म्हणून आम्ही गेलो. यंत्राने तिच्या नवऱ्याचा अंगठा घेतला नाही, दुसराही घेतला नाही. कोयत्याच्या मुठीने बोटांच्या रेषाच गुळगुळीत केल्या होत्या. दुकानदाराने एकेक बोट पुसून लावायला लावले आणि डाव्या करंगळीवर यंत्र मानले. मग पडद्यावर दिसले की या महिन्याचे धान्य गावी राहिलेल्या सासऱ्याने आधीच उचलले आहे. म्हाताऱ्यालाही जेवायचे होतेच.

उपचार चालू असेपर्यंत सरकार पोषणासाठी पैसे देते. २०१८ मध्ये ही रक्कम महिना ५०० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० झाली आणि पहिल्या तीन महिन्यांचे ३००० रुपये आगाऊ मिळावेत अशी तरतूद आहे. तिचे जनधन खाते बीडकडच्या एका बँकेत होते आणि वापर नसल्यामुळे झोपलेले होते. ते जागे करायला खातेदाराने शाखेत जावे लागते असे फोनवर सांगितले गेले. दुसरे खाते इकडे काढायचे तर पुन्हा पत्ता. भावजयीने आमच्या पोस्टात तिचे खाते उघडून दिले आणि आधार जोडले, तरी पैसे जमा व्हायला फेब्रुवारी उजाडला. तोवर दूध आणि अंडी आमच्या घरून जात राहिली. त्यात मोठेपणा सांगण्यासारखे काही नाही, कारण तिने माझ्या शेतात मोळ्या वाहिल्या त्या दिवसांत मी तिला केवळ चाकाला टेकलेली म्हणून मोजत होतो.

माझा ऊस संपला आणि टोळी हुक्केरीकडे गेली, तिथून पुढे रायबागकडे. प्रत्येक ठिकाणी आरोग्य केंद्र वेगळे, आशा वेगळी. महिन्याचे पाकीट नवऱ्याजवळ असे, ते संपत आले की मी किंवा भावजय नव्या गावच्या केंद्राला फोन करत असू आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच, ऊर यावुदु. मी शिकलो की पत्ता सांगत बसण्यापेक्षा निक्षय क्रमांक आधी सांगावा. क्रमांक घातला की तिची सारी माहिती पडद्यावर येते आणि मग पत्त्याचा आग्रह कमी होतो. दोन महिन्यांनंतरचा बेडका रायबाग तालुक्यात तपासला. जंतू दिसले नाहीत. वजन ३९ किलो.

फेब्रुवारीच्या शेवटी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला. जाण्याआधी तिचे नाव बीडकडे वर्ग करायचे होते. दोन्ही राज्यांत संगणक एकच, त्यामुळे इथून एक बटण दाबले की काम झाले, असे मला वाटले होते. पण तिकडच्या केंद्राने नाव स्वीकारावे लागते आणि त्यांना कोणी कळवले नव्हते. तिच्या गावच्या केंद्राचा नंबर मिळवायला चार दिवस लागले. फोन उचलणाऱ्या ताई मराठीत बोलल्या तेव्हा बरे वाटले, आणि त्यांनीही विचारले, "पण आजार तर तिकडं कर्नाटकात झालाय ना?" मी त्यांना दसऱ्याच्या आधीचा खोकला सांगितला नाही. एवढेच म्हणालो की तुमच्या गावची लेक आहे, मंगळवारी पोचेल, पाकिटात एकोणीस दिवसांच्या गोळ्या आहेत. मंगळवारी त्या ताई स्वतः तिच्या घरी गेल्या. बीडच्या ट्रकमध्ये दोन दिवसांच्या गोळ्या चुकल्या होत्या, तेवढ्या शेवटी वाढवल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याच्या फोनवरून मुलीचा फोन आला. तिने वजन सांगितले, ४२ किलो, आणि धाकट्याच्याही गोळ्या त्याच आठवड्यात संपत असल्याचे सांगितले. मग म्हणाली, "काका, आता लाल होत न्हाई. आईचा कॅम्प संपला."

उपचार संपल्यावरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी करायची असते, आजार उलटला नाही ना हे पाहण्यासाठी. तिची पहिली तपासणी डिसेंबरमध्ये येते. हे लिहीत असताना दसरा होऊन गेला आहे, त्यांनी यंदाची उचल घेतली आहे, आणि टोळी कोणत्या कारखान्याला जाणार हे मुकादमाने अजून सांगितलेले नाही. भावजयीने वहीत तिचा निक्षय क्रमांक लिहून ठेवला आहे आणि पत्त्याची जागा कोरी ठेवली आहे.